फिरत्या सळईचं भांडण

दत्ता, तुझ्या दहाव्याला घाटावर भाषणं झाली. एकानं तुला दिलदार म्हटलं, ते खरंच होतं. दुसऱ्यानं कष्टाळू म्हटलं, तेही चालून गेलं. मग कडक इस्त्रीतला एक पुढारी माईकपाशी आला आणि म्हणाला, "एक शांत, संयमी व्यक्तिमत्त्व आज आपल्यातून हरपलं." मला हसू फुटलं. एवढ्या माणसांत, समोर पिंड मांडलेले असताना, मी पदर तोंडात कोंबला आणि खाली बघत राहिले. शेजारच्या बाईला वाटलं मी रडतेय. ती पाठीवरून हात फिरवायला लागली, आणि मग मी खरंच रडले.

शांत, संयमी! तू! रिमोट चालेना म्हणून अख्खा टीव्ही गच्चीवरून खाली टाकलास तो तू. टेम्पोला घासून गेला म्हणून एका मोटारवाल्याच्या मागे थेट सासवडपर्यंत गेलास. तिथं दार उघडून बघतोस तर आत थरथरणारा म्हातारा. मग त्याला चहा पाजून परत आलास, आणि घरी येऊन चहात साखर कमी होती म्हणून मंदावर ओरडलास. तुझ्या बायकोनं घरात काचेचे ग्लास ठेवणं कधीच सोडून दिलं होतं. पाहुण्यांनाही स्टीलच्या पेल्यातून सरबत मिळायचं.

मी मोठी बहीण म्हणून तुला आयुष्यभर बोलत आले. पण बोलताना एक गोष्ट मला कधी विसरता आली नाही. मी आज जिवंत आहे ती तुझ्या या रागामुळेच.

तू तेव्हा नुकता मिसरूड फुटलेला होतास. पहाटे आपली भाजी मंडईत टाकायचास आणि कधीकधी परत जाताना वाट वाकडी करून खडकीला माझ्याकडे यायचास, पिशवीभर भाजी द्यायला. क्वार्टर्समधली ती माझी खोली. नवरा मारायचा, कधी हातानं, कधी पट्ट्यानं. मी पावडर थापून हॉस्पिटलात ड्यूटीला जायचे. बाकीच्या नर्सना सगळं कळायचं, कोणी बोलायचं नाही. तू आला असलास की मी डोक्यावरून पदर पुढे ओढायचे. त्या दिवशी ओढायला वेळ मिळाला नाही. तू माझा बंद झालेला डोळा बघितलास. पिशवी नीट भिंतीला टेकवून ठेवलीस, मेथी चुरगळू नये म्हणून, आणि आत गेलास.

तो दाढी करत होता. अर्ध्या तोंडाला साबण. तू त्याला तसाच फरफटत बाहेर व्हरांड्यात आणलंस आणि त्याचा हात कठड्यावर ठेवून वरून गुडघा घातलास. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. नर्स असून मी पुढे झाले नाही. मला वाईटही वाटलं नाही. आजूबाजूच्या दारांतून लोक बघत होते, आणि मला वाटत होतं, बघा, नीट बघा. तू फक्त म्हणालास, "चल." मी अंगावरच्या कपड्यानिशी टेम्पोत बसले. स्वारगेट मागे पडल्यावर म्हणालास, "मेथी ऱ्हायली तिथंच."

तेव्हापासून मी तुझ्या घरात. तुझं लग्न झालं, मंदा आली, ऋतुजा झाली आणि नांदायला गेली. शेतं गेली, इमारती आल्या. कात्रजच्या पलीकडचं आपलं गाव शहरात कधी गेलं ते गावालाही कळलं नाही. तात्यांच्या विलासनं आपल्या बंगल्याच्या शेजारीच बंगला बांधला. तात्या म्हणजे आपले धाकटे चुलते आणि विलास तुझ्याच वयाचा. तुम्ही एकाच विहिरीत पोहायला शिकलात. दोन बंगल्यांच्या मध्ये एक बोळ राहिला, गाड्या आत न्यायची दोघांची वाट. तो बोळ कोणाचा, यावरून तुमचं बोलणं बंद झालं, ते कोर्टापर्यंत गेलं. गावच्या यात्रेला दोन मांडव पडायला लागले. तात्या एकात दोन घास खायचे, दुसऱ्यात दोन.

आणि मग जावयानं दिवाळीला ती कोळशाची शेगडी आणली. गोल, काळी, घुमटासारख्या झाकणाची. तू तिला भट्टी म्हणायचास. पहिल्याच महिन्यात दोन शर्टांना ठिणग्यांची भोकं पडली. चिकनचे तुकडे, कणसं, वांगी, एकदा तर फणसाचे गरे, जाळीवर ठेवायचं तू काही सोडलं नाहीस. मग एका सकाळी मोबाईल माझ्या नाकासमोर धरलास.

"आक्का, हे घ्यायचं का?"

शेगडीवर बसवायचं एक लोखंडी कडं, त्यातून आरपार सळई, सळईच्या टोकाला मोटर. सळईत ओवलेली अख्खी कोंबडी निखाऱ्यावर गोल गोल फिरत होती.

"नको," मी म्हटलं.

"बघ तर आधी."

"बघितलं. कोंबडी गरगरतीय. पुढं?"

"पुढं काय! चारी बाजूंनी सारखी भाजती. स्वतःच्या चरबीत भिजत ऱ्हाती."

"चरबी गळून कोळशात पडणार आणि भडका उडणार. मसाला जळणार तो वेगळाच."

"न्हाई ना! निखारं दोन्ही कडंला सारायचं, मधी ताट ठेवायचं. गळंल ते ताटात."

"आणि सळई मधोमध बसली नाही तर? एका अंगाला जड झाली की मोटर अडकेल. तुकडे जाळीवर पटकन होतात, ते सोडून तासन्‌तास कशाला हा उपद्व्याप? दोनदा वापरशील आणि माळ्यावर टाकशील. माळ्यावर ज्यूसर आहे, व्यायामाची सायकल आहे. त्यांना सोबत होईल."

मंदा आतून म्हणाली, "आपल्याकडं सोमवार, गुरुवार, शनिवार आणि एकादशी पाळतात. उरलेल्या दिवसांसाठी मोटर?"

तू बशी आपटलीस. स्टीलची होती, नुसती वाकली. पुढचे कित्येक दिवस घरात दुसरा विषय नव्हता. तू कॅम्पातल्या दुकानात जाऊन ती वस्तू हातात धरून बघून आलास, एक बाजूला ठेवायला सांगून आलास, आणि वर मलाच म्हणालास, "मी फक्त विचारून आलो." मी म्हटलं, खोटं बोलताना तुझे कान हलतात. तू जेवणावरून उठलास. एवढ्याशा सळईवरून तू मला म्हणालास, "तू हो म्हण, मगच घेईन." मी म्हटलं, माझ्या होकाराशी काय घेणं? आजवर कधी विचारलंस मला?

खरं कारण तू एका सकाळी पायरीवर बसून सांगितलंस. चहा गार झाला होता, तरी ओरडला नव्हतास, तेव्हाच मला समजायला हवं होतं की काहीतरी निराळं आहे.

"आक्का, जाळीवर तुकडं झालं की जो तो आपला उचलतो आन ताट घेऊन आत जातो. अख्खं भाजायला ठिवलं की थांबावं लागतं. माणसं बसत्यात."

"कोण माणसं?"

तू बोळाच्या पलीकडे बघितलंस. "तात्या म्हणत व्हते, मरायच्या आधी यात्रेचं जेवण एका मांडवात व्हावं. मी इलासला कसं बोलावू? ये, जेव आन जा, असं? बसवायला काहीतरी पायजे ना मधी."

मला गलबलून आलं. पण मीही तुझीच बहीण, एकदम हो म्हणणं माझ्याही रक्तात नाही. मी म्हटलं, "मग मोटर घ्यायच्या आधी हातानं फिरवून बघ. बसतात का माणसं, ते तरी कळेल."

हे मी म्हटलं होतं. तू गेल्यापासून लोकांनी मला हळूच विचारलंय, सळईची कल्पना कोणाची. माझी. पण दत्ता, याचा दोष मी घेणार नाही. मी तुला कोंबडी भाजायला सळई दिली होती.

रविवारी तू फॅब्रिकेटरकडून गुळगुळीत सळई आणलीस, एक टोक अणकुचीदार, दुसऱ्याला वाकवून मूठ केलेली. शेगडीच्या दोन्ही बाजूंना विटा रचल्यास. मी तुझ्या हातून सळई उकळत्या पाण्यानं दोनदा धुऊन घेतली. आदल्या दिवशी तू स्वतः बोळ ओलांडून गेला होतास. काय बोललास ते मला माहीत नाही, पण दुपारी तात्यांचा हात धरून विलास आपल्या अंगणात आला. पांढरा शर्ट घालून आला होता. आपल्या अंगणात येताना कोणी शर्ट बदलून येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

आणि दत्ता, माणसं बसली. हे तुला सांगायचं राहिलं, कारण पुढचं सगळं फार वेगानं झालं. तू मूठ फिरवत होतास, तुझ्या मनगटाला झळ लागायला लागली तसं विलास म्हणाला, "सरक, मी धरतो." त्यानं मुठीला टॉवेल गुंडाळला. मग त्याचा हात भरून आला की तू. तात्या खुर्चीतून हुकूम सोडत होते, "हळू. हळू फिरवा. रहाट हाय का त्यो?" कोंबडीला सोनेरी रंग चढत गेला. विलासला विहिरीतली गोष्ट आठवली, तुम्ही दोघांनी मास्तरांचं धोतर पळवलं होतं ती. तो सांगायला लागला आणि शेवट तू सांगितलास. तुम्ही दोघं असे हसलात की मंदा ताकाचे पेले घेऊन बाहेर आली होती ती तशीच उभी राहिली. मी मनात म्हटलं, जिंकला हा. आता त्या मोटरचं नाव काढलं की हो म्हणावं लागणार.

मंदा ताटं आणायला आत गेली. विलास मूठ तुझ्या हातात देत म्हणाला, "दत्ता, एक सांगायचं हाय. आज बोललेलं बरं. पावसाळ्याच्या आधी मी बोळात भिंत घालणार हाय. मधोमध."

तू फिरवत राहिलास. "कुणाच्या परवानगीनं?"

"मोजणी झालीय. माझ्या हिश्श्यात घालतोय."

"केस चालू हाय."

"चालू दे की. भिंत बी चालू दे."

तू फिरवत राहिलास, हे मी पोलिसांनाही सांगितलं. मीच मध्ये बोलले. म्हटलं, "विलास, मधोमध भिंत आली तर गाडी तुझीही आत येणार नाही आणि याचीही नाही. कोणाचं भलं होणार त्यात?"

तो माझ्याकडे वळला. "आक्का, तू मधी बोलू नको. तुझं घर खडकीला व्हतं. मार खाऊन आलीस आन हितंच ऱ्हायलीस. आमच्या वाटंशी तुझा काय संबंध?"

"इलास!" तात्या ओरडले.

सळई थांबली. मी तुझ्याकडे बघितलं नाही, कोंबडीकडे बघत होते. एक बाजू खाली तशीच राहिली आणि काळी पडायला लागली. मी म्हटलं, "दत्ता, फिरव. दत्ता, जळतंय ते." तू सळई विटांवरून उचललीस. कोंबडी झटकल्यासारखी निसटून मातीत गेली. निखाऱ्यावर इतका वेळ राहिलेली ती सळई तू विलासच्या दंडावर हाणलीस. पांढरा शर्ट चिकटला. कातडी चरचरल्याचा आवाज आला, त्याची किंकाळी त्याच्या नंतर. तो मागे कोसळला आणि तू परत सळई उगारलीस, दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर. तुझं तोंड मी बघितलं, दत्ता. व्हरांड्यातलं तेच तोंड. मी त्या तोंडाचे आयुष्यभर आभार मानले होते. त्या क्षणी मला त्याची भीती वाटली.

विलास पडला तिथंच लाकडी ठोकळा होता, ज्यावर तू सकाळी कोंबडी साफ केली होतीस. त्याचा हात आधाराला चाचपडत गेला आणि सत्तुरावर पडला. बसल्या जागेवरून त्यानं तो एकदाच फिरवला. तुझ्या मांडीत, आतल्या बाजूला. मंदा नेमकी तेव्हा ताटं घेऊन दारात आली. तिनं बघितलं ते एवढंच.

मी कित्येक वर्षं लोकांचं रक्त थांबवलं. कुठली शीर तुटली ते मला पहिल्या उसळीलाच कळलं. मी मूठ आत घातली. हो, आत. वरून दाबून उपयोग नव्हता. तू शिव्या देत होतास, मला, विलासला, आपल्या आईबापाला. मंदा दारातच बेशुद्ध होऊन पडली होती, ताटं पायऱ्यांवरून घरंगळत गेली. आणि गाडी काढली ती विलासनं.

हे मी पुन्हा सांगते, कारण गावात कोणाला ते ऐकायचं नाही. गाडी विलासनं काढली. त्यानं तुला खांद्याखाली धरून उचललं, त्याच भाजलेल्या हातानं, आणि मी मांडीत मूठ घालून तुझ्याबरोबर मागच्या सीटवर पडले. कात्रजच्या चौकात गाड्या तुंबलेल्या होत्या. तो हॉर्न दाबून धरून रडत होता. मग उतरला आणि समोरच्या गाड्यांच्या बॉनेटवर मुठी आपटायला लागला, "सरका! माझा भाऊ हाय आत! सरका!" लोकांनी वाट दिली. पण माझ्या मुठीभोवतीचा दाब कमी कमी होत गेला होता, आणि त्याचा अर्थ मला कळत होता. हॉस्पिटलच्या दारात पोचलो तेव्हा आत थांबवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. विलास पायरीवर बसून राहिला. पोलीस येईपर्यंत तिथंच होता. कोणी धरून ठेवलं नव्हतं त्याला.

त्या रात्रीच माझा जबाब झाला. पहिल्यांदा कोणी मारलं, असं विचारलं. मी सांगितलं, माझ्या भावानं. कशानं? सळईनं. परत उगारली होती का? उगारली होती.

दुसऱ्या दिवशी मंदाचा भाऊ मला बाजूला घेऊन गेला. "आक्का, सळईचं बोलायचं न्हाई. सळई तिथं नव्हतीच. इलास आला, त्यानं सत्तूर उचलला, वार केला आन पळाला. बस."

"पळाला कुठं? हॉस्पिटलात घेऊन तोच गेला."

"ते बी बोलायचं न्हाई."

"मी बोलून झाले."

त्याचं तोंड उतरलं, मग लाल झालं. "ज्यानं तुम्हाला त्या नरकातनं काढलं, मेल्यावर त्याच्यावर उलटलात?"

हे वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात ठोकल्यासारखं बसलंय. मी त्याला उत्तर दिलं नाही, तुला देते. मी उलटले नाही, दत्ता. तू कसा होतास ते मला माहीत आहे, आणि तसाच तू मला हवा आहेस. त्या पुढाऱ्याच्या शांत, संयमी माणसाला मी ओळखत नाही. त्याच्यासाठी रडताही येणार नाही मला. मला रडायचंय ते माझ्या भावासाठी, ज्यानं माझ्यासाठी एकाचा हात मोडला आणि माझ्यासाठीच दुसऱ्याचा भाजला. पहिल्या वेळी मी तुझ्याबरोबर टेम्पोत बसले. दुसऱ्या वेळी मला तुला ओरडून सांगायचं होतं की मला काही झालेलं नाही रे, शब्दच आहेत ते, मी आता म्हातारी आहे, मला शब्द लागत नाहीत. पण माझ्या तोंडून निघालं काय, तर कोंबडी जळतीय.

तुझा राग येतो मला. तुझ्या फोटोला हार घालतानाही येतो. ते बसले होते ना? तुझंच खरं झालं होतं ना? भिंत घालतो म्हणाला तर घालू द्यायची, तू कोर्टातून पाडली असतीस. मला चार शब्द बोलला तर बोलू द्यायचे. नुसती ती मूठ फिरवत राहायचं होतंस. एवढंच काम होतं तुला.

सुतकातच कॅम्पातल्या दुकानातून फोन आला. तू माझाही नंबर देऊन ठेवला होतास. कोणी तरुण मुलगी होती. "मॅडम, सरांनी मोटरवाल्या सळईचा, रोटिसरीचा, एक पीस होल्ड करायला सांगितला होता. म्हणाले, सिस्टर हो म्हणाल्या की घेणार. कन्फर्म करू की कॅन्सल?"

तिला वाटलं लाइन गेली. तुला वाटेल, मेलेल्या माणसाची शेवटची इच्छा म्हणून मी हो म्हटलं असेल. मी त्या दुपारचा विचार करत होते, भिंतीच्या आधीचा. थांबावं लागलं म्हणून ते बसले, हे तुझं म्हणणं अर्धंच खरं होतं, दत्ता. थांबायला काय, माणसं डॉक्टरकडे पण थांबतात, एकमेकांकडे न बघता. ते बसले कारण एकाचा हात भरून आला की दुसऱ्याला मूठ धरावी लागत होती. मोटर असती तर विलास खुर्चीत मोबाईल बघत बसला असता आणि तू त्याच्याकडे बघत. धोतराची गोष्ट निघाली नसती. भांडण मी जिंकले असं म्हणत नाही. तुझ्याशिवाय जिंकून करू काय?

"कॅन्सल करा," मी म्हटलं.

"ओके. सरांना तसं सांगाल ना?"

"सांगते."

म्हणून सांगतेय. मोटर घेतली नाही.

दहाव्याच्या संध्याकाळी पाहुणे पांगले. ऋतुजा थकून झोपली होती. मंदा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. म्हणाली, "आक्का, मला तुमचं तोंड बघवत नाही. तुम्ही दुसरीकडं सोय बघा." मी म्हटलं, "सकाळी जाते." वारज्याला माझी एक जुनी मैत्रीण असते, हॉस्पिटलातली. तिला कळवलं. पिशवी भरली.

सकाळी तुझ्या फोटोपाशी पाया पडून निघाले तर मंदा पुढच्या दाराच्या पायरीवर बसलेली. वाट अडवल्यासारखी. मी थांबले. तिनं वर बघितलं नाही.

"तेवढं एक सांगा. मी नव्हते गाडीत. शेवटी काय बोलले ते?"

मला कोणी हे विचारलंच नव्हतं. पोलिसांनी नाही, मंदाच्या भावानं नाही, मीही कोणाला आपण होऊन सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, ते मंदाला नको असेल. तिचं नाव नव्हतं त्यात, ऋतुजाचं नव्हतं. पण तिनं विचारलं होतं, आणि खोटं मला तिथंही बोलता आलं नसतं.

"चौकाच्या अलीकडं शिव्या थांबल्या त्याच्या," मी म्हटलं. "पुढच्या सीटवर विलास रडत होता. दत्ता त्याच्याकडे बघत होता. मग मला म्हणाला, 'आक्का, तू नर्स हाईस ना? त्याचा हात बघ आधी. लई भाजलाय.' मग काही बोलला नाही."

बोळातून कोणाची तरी मोटरसायकल गेली. मग मंदानं दोन्ही हातांनी स्वतःच्या गुडघ्यांवर मारून घ्यायला सुरुवात केली, जोरात, परत परत. मी तिचे हात धरायला गेले तर मला ढकललं. मी भिंतीवर आदळले. तशीच उभी राहिले. ती मारून मारून थकली तेव्हा पदरानं तोंड पुसलं.

"हे सांगितलं होतं पोलिसांना?"

"नाही. त्यांनी मारामारीचं विचारलं, तेवढंच सांगितलं."

"मग सळईचं सांगितलंत ते कशाला? सांगायचं तर सगळं सांगायचं. अर्धं सांगून आलात." ती उठली, चपला शोधायला लागली. "चला."

"मंदा, मी पिशवी..."

"असू द्या तिथं. आल्यावर उचला."

रिक्षात ती दुसऱ्या कडेला बसली, बाहेर तोंड करून. मला अंगाचा स्पर्शही होऊ दिला नाही. चौकीत पुरवणी जबाब घ्यायचा म्हणून थांबवलं, मग एका हवालदारानं लिहून घेतलं. तुझं शेवटचं वाक्य मी सांगितलं तसा तो थांबला. त्यानं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत विचारलं, "बाई, ज्यानं सत्तूर मारला त्याच्याबद्दल असं म्हणाले? नक्की?"

मी तोंड उघडायच्या आत मंदा म्हणाली, "लिहा. असंच म्हणाले असणार. माझा नवरा होता तो."